चौथ्या भिंतीची पट्टी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं लोक म्हणतात. बायको म्हणायची, "शेंड्यावर कुटला, समदं नाकच रागाचं हाय." या रागापायी मी बरीच कामं बिघडवली, बरीच गिऱ्हाइकं घालवली, आणि एकदा तर स्वतःच्या पोरीची शाळा माझ्याच हातानं खिळे ठोकून बंद करत आणली होती. ही गोष्ट मी पूर्वी अनेकांना सांगितलीय, पण सांगताना दरवेळी थोडी लबाडी केली. सगळा दोष भिंतीवर ढकलला. आता वय झालंय, भिंतही पडली, तेव्हा खरं ते लिहितो.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. मोडनिंबची वाटणीची जमीन थोरल्या भावाकडं ठेवून मी सोलापुरात सुतारकाम करत होतो. दारं, खिडक्या आणि मागांची लाकडी दुरुस्ती. पोरगी आठ वर्षांची होती. ती जन्मतः बहिरी. आम्हाला ते कळायला दोन वर्षं लागली. एकदा तिच्या मागं बायकोच्या हातून भरला हंडा पडला, मी परसातून धावत आलो, शेजारीण धावत आली, आणि पोरगी पाठमोरी बसून बाहुलीला निवांत जेवू घालत होती. त्या दिवशी बायको दारातच मटकन खाली बसली.

शहराच्या पूर्वेला विणकरांच्या वस्तीत मूकबधिर मुलांची एक छोटी शाळा निघाली होती. जुन्या इमारतीत तीन खोल्या, त्यातली एक मोठी. शिकवणाऱ्या बाई पुण्याकडच्या, बारीक अंगाच्या, पण शब्दाच्या पक्क्या. त्यांनी पोरीला एक वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं. वर्ष संपताना मुंबईहून तपासणीला साहेब येणार, आणि ज्या मुलांना ठोका जाणवतो त्यांनाच बोलण्याच्या वर्गात ठेवणार. बाकीची घरी.

घरी म्हणजे आमच्या बाबतीत मोडनिंबला. भावाचं कार्ड येऊन पडलं होतं: "पोरीला इकडं पाठवून द्या. शेळ्यांमागं जाईल. शेळ्या राखायला कान लागत नाहीत." भाऊ दुष्ट नव्हता. जत्रेतून तिला बांगड्या आणणारा तोच. त्याला वाटायचं, पोरीला उगाच शहरात छळतायत. मी ते कार्ड सदऱ्याच्या खिशात घालून हिंडत होतो, उत्तर सुचत नव्हतं.

तपासणीची रीत अशी होती. मुलानं अनवाणी उभं राहायचं, पाठ ढोलाकडं. डाव्या मुठीत चिंचोके, समोर पितळी वाटी. मागं ढोलावर एक ठोका पडला की वाटीत एक चिंचोका टाकायचा. ठोका नसेल तर हात आवरायचा. कान नाहीत तर कळणार कसं? तळपायांनी. पण शाळेला होती शहाबादी फरशी, आणि दगड पायाला काहीच सांगत नाही. म्हणून बाईंनी मोठ्या खोलीत लाकडाची जमीन करायचं काढलं. विणकर मंडळींनी जुने हातमाग मोडून निघालेलं लाकूड दिलं. मजुरीचा प्रश्नच नव्हता, काम माझ्या पोरीसाठी होतं.

बाईंनी आधीच बजावलं होतं, "मिस्त्री, ही जमीन इमारतीला कुठंही चिकटता कामा नये." मला हसू आलं होतं. जमीन इमारतीला चिकटायची नाही तर काय हवेत राहायची? पण त्या म्हणाल्या तसं केलं. फरशीवर मोटारीच्या जुन्या टायरचे तुकडे, त्यांच्यावर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या, आणि चारी भिंतींलगत बोटभर फट. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा लागते, एवढं मलाही ठाऊक होतं. फटीचं याहून जास्त काही काम असेल असं मला वाटलं नाही.

आठवडाभर पोरीनं त्या फळ्यांवर सराव केला आणि मी दारातून बघत राहिलो. ठोका, चिंचोका. ठोका, चिंचोका. एकदाही चुकली नाही. पलीकडं भिंतीला लागून मागांचा कारखाना होता, त्याची खडखड दिवसभर चालायची, पण त्या आवाजाकडं आम्हा सोलापूरकरांचं लक्ष कुठं असतं. घड्याळाच्या टिकटिकीकडं असतं तेवढंच.

तपासणीच्या दोन दिवस आधी त्या फटीतून विंचू निघाला. एका मुलाच्या पायापासून हातभर अंतरावर बाईंनी तो चपलेनं मारला. मग फट झाकणारी पट्टी बसवायचं ठरलं, चार बोटं उंचीची, भिंतीच्या पायथ्याला चारी बाजूंनी. बाई म्हणाल्या, "पट्टी भिंतीला ठोका. फळ्यांना एकही खिळा नको. आणि पट्टी फळ्यांवर टेकू देऊ नका." मी मान डोलावली. मनात म्हटलं, पाटीवर खडू चालवणाऱ्या बाईनं आता मला रंधा शिकवावा.

दुसऱ्या दिवशी मागांची आठवड्याची सुटी होती. कारखाना बंद, गल्लीत शुकशुकाट. काम करायला असा दिवस मिळावा म्हणून मी खूश होतो. भिंतीत भोकं पाडायला एक म्हातारे गवंडी चाचा घेतले होते. तेव्हा विजेचं ड्रिल आमच्यापाशी कुठलं. छिन्नीनं भोक पाडायचं, त्यात लाकडाची गिट्टी ठोकायची, आणि त्या गिट्टीत पट्टीचा खिळा मारायचा. तीन भिंती विटांच्या होत्या. चाचांची छिन्नी चालली, माझ्या गिट्ट्या घट्ट बसल्या, दुपारपर्यंत तीन बाजू पुऱ्या झाल्या. कोपऱ्यातले सांधे असे जुळले की नख शिरू नये.

चौथी भिंत कारखान्याकडची. ती जुनी, काळ्या दगडाची, दगडांमधले सांधे मातीनं भरलेले. दगडावर छिन्नी टिकेना आणि सांध्यात भोक पाडलं की माती भसाभस गळे. गिट्टी ठोकावी, खिळा मारावा, पट्टी जरा ओढावी, की खिळ्यासकट गिट्टी हातात. एकदा झालं, दोनदा झालं. चौथ्यांदा गिट्टी निघाली तेव्हा माझ्या डोक्यात सणक गेली.

चाचा शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, ये खोक्याका लकडी हितं नै चलता. बबूलकी लंबी गिट्टी बनाव, पेच देके. मैं सिखातुं." म्हणजे बाभळीच्या लाकडाची लांब गिट्टी, अंगाला पीळ देऊन तासलेली. सांध्यात ठोकली की पीळ खात आत जाते आणि दगडाला धरून बसते. "और ये दीवार सोती नै, याद रखो."

"आज तर घोरतीय की चाचा," मी म्हणालो. "कान लावा, ढिम्म हाय."

"आज छुट्टी है."

"तुमी भोकं पाडा. लाकडाचं मी बघतो."

"मैं तो बोल्या."

"लई बोलला. जावा घरी. हितनं म्होरं माझं मी करतो."

ते गेले. छिन्नी फडक्यात गुंडाळली, मला सलाम केला आणि गेले. साठीच्या माणसाला मी असं हाकललं, आणि ते लिहिताना आजही मला लाज वाटते.

मग मी जे केलं ते कुठल्याही सुतारानं रागात केलं असतं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. चांगल्या सुतारानं केलं नसतं. पट्टी भिंतीला धरत नाही ना, मग फळ्यांना धरेल. फटीत लाकडाच्या पाचरी घट्ट ठोकल्या, फळ्या आणि भिंत एकमेकांत आवळून टाकल्या, पट्टी वरून दाबून बसवली आणि तिरपे खिळे थेट फळ्यांत मारले. खिळ्यांची डोकी आत दाबली, त्यांच्यावर भुसा आणि सरस भरला, पॉलिशचा हात फिरवला. चौथी बाजू सगळ्यांत देखणी झाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी भिंतीला वाकडी ठरवून वर तिला सजवलं.

संध्याकाळी बाईंनी येऊन पट्टीवरून हात फिरवला. "फळ्यांना खिळा नाही ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो.

पोरीला उभं करून त्यांनी दहा ठोके दिले. दहा चिंचोके पडले. बाई हसल्या, पोरगी हसली, बायकोनं तिची दृष्ट काढली. माझ्या खोटेपणाचं ओझं त्या दहा चिंचोक्यांनी उतरवलं. मला वाटलं, झालं, जिंकलो.

सकाळी आठला कारखान्याचा भोंगा झाला आणि भिंतीपलीकडचे माग एकदम सुरू झाले. साहेबांची गाडी दहाची, अकराला तपासणी. बाई म्हणाल्या, शेवटचा एक सराव घेऊ. पोरगी फळ्यांवर उभी राहिली, मूठ पुढं धरली. बाईंनी ढोलाची काठी अजून उचललीही नव्हती.

वाटीत चिंचोका पडला. मग दुसरा, मग तिसरा. भराभर पडायला लागले, मूठ रिकामी झाली, आणि तरी ती बोटं उघडमीट करत राहिली. बाईंनी काठी खाली ठेवली, वाकून फळीला तळवा लावला आणि तशाच माझ्याकडं बघत राहिल्या. मी चप्पल काढून फळीवर पाय ठेवला. माझ्या तळव्याला मुंग्या आल्या. अख्खी जमीन थरथरत होती. सगळे माग त्या भिंतीतून, माझ्या पाचरींतून, माझ्या खिळ्यांतून माझ्या पोरीच्या पायाखाली चालले होते.

"मिस्त्री," बाई हळू म्हणाल्या, "फळ्यांना खिळा आहे ना?"

लाज वाटायला हवी होती. पण राग वाईट, तो अशा वेळी लाजेच्या आधी धावत येतो. मी हातोडा उचलून कोपऱ्यात भिरकावला. फळीवर तो आदळला आणि पोरगी दचकून वळली. तिनं माझं तोंड पाहिलं. बाईंचं पाहिलं. मग समोरची भरलेली वाटी पाहिली आणि ती दोन्ही हातांनी पाठीमागं लपवली. तिला वाटलं, मी तिच्यावर रागावलोय. वाटी तिथंच टाकून ती बाहेर आईकडं पळाली.

मी म्हणालो, "बाई, मालकाला सांगून घंटाभर माग बंद करवतो. विनवतो. पाया पडतो."

"साहेब दुपारी जातील," बाई म्हणाल्या. "माग वर्षभर चालणार. मुलांनी उद्यापासून कुठं उभं राहायचं?"

मी पहार घेतली. स्वतःचं काम तोडणं फार अवघड असतं, आणि चांगलं झालेलं तोडणं त्याहून. सरसानं लपवलेलं एकेक डोकं शोधायचं, चिमट्यानं धरायचं, उपसायचं. पॉलिश उडत होतं, पट्टीचे ढलपे निघत होते. पट्टी सुटली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. मग पाचरी. एवढ्या घट्ट मी आयुष्यात दुसरं काही ठोकलं नव्हतं. एक पाचर तर छिन्नीनं किसून किसून काढावी लागली. शेवटची निघाली तेव्हा मी तळवा फळीवर ठेवला. थरथर थांबली होती. भिंत पलीकडं कापत होती आणि जमीन शांत होती. बाई काय सांगत होत्या ते मला तेव्हा तळव्यातून कळलं.

पण आता एक अख्खी बाजू उघडी पडलेली. त्या फटीतून पुन्हा विंचू निघाला असता, आणि मुंबईच्या साहेबाला पोरांच्या पायाशी तशी फट चालणार नव्हती. मी धावत चाचांच्या घरी गेलो. ते ओट्यावर चहा पीत होते. "चाचा, दीवार सोती नै," एवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि फडक्यात गुंडाळलेली छिन्नी उचलली. आत जाऊन बाभळीच्या चार गिट्ट्या घेऊन आले, पीळ देऊन तासलेल्या. काल घरी जाऊन त्यांनी त्या करून ठेवल्या होत्या. मला रडू आलं ते तिथंच, भर गल्लीत.

चाचांनी सांध्यात गिट्टी लावली आणि हातोडा घातला. गिट्टी पीळ खात आत गेली आणि दगडात अशी बसली की मी लोंबकळलो तरी हलेना. आता पट्टी फळ्यांपासून थोडी वर राहायला हवी होती. खाली काहीतरी पातळ धरायचं, पट्टी ठोकायची आणि मग ते काढून घ्यायचं. मी खिसे चाचपले. भावाचं कार्ड हाताला लागलं. फाडून चार तुकडे केले. एकेका गिट्टीखाली एकेक सरकवायचा, खिळा मारायचा, तुकडा ओढून घ्यायचा. तीन ठिकाणी खिळा बसला. चौथा तुकडा सरकवणार तेवढ्यात दारात जोडे वाजले.

साहेब आत आले. उंच, चष्म्याचे, हातात वही. त्यांनी खोली पाहिली, ढलपे पाहिले, गुडघ्यावर बसलेला मी पाहिला. "काम चालू आहे अजून?"

"एक खिळा राहिलाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा. मुलं तयार आहेत."

मुलं तयार होती, माझी नव्हती. ती बाहेर आईच्या पदरात तोंड घालून बसली होती. बायको म्हणाली, "अवो, ती आत येत न्हाय. तुमाला भ्याली ती."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. बोलून उपयोग नव्हता, आणि हातांची भाषा मला नीट येत नव्हती. मी माझे दोन्ही कान धरले. शाळेत मास्तरांसमोर धरायचो तसे, घट्ट. तशाच दोन उठाबशा काढल्या. ती पदरातून एका डोळ्यानं बघत होती. तिसऱ्या उठाबशीला माझा गुडघा कडकन वाजला, मी कळवळलो, आणि ती खुदकन हसली. मग तिनं उठून माझे हात माझ्या कानांवरून काढले आणि माझं बोट धरलं.

ती फळ्यांवर उभी राहिली. आधी तिनं पाय जरासे घासले, सकाळची थरथर अजून आहे का ते बघावं तसे. मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीशी उभा होतो, पलीकडं माग खडखडत होते, त्यांची धडधड माझ्या पाठीतून आत जात होती. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज मला नीट ऐकू आला.

साहेबांनी काठी स्वतः घेतली. ठोका. चिंचोका. ठोका. चिंचोका. कधी जवळजवळ दोन, कधी लांबवून एक. सहा झाले. मग त्यांनी काठी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

पोरीचा हात वाटीवर, दोन बोटांत चिंचोका. साहेब थांबले. बाई थांबल्या. बायकोनं दारात पदर तोंडाशी धरला. पलीकडं माग धडाधड चालूच. मी मनातल्या मनात ओरडत होतो, सोडू नको, माझे आई, सोडू नको. चिंचोका तिच्या बोटांत जरा फिरला. तिनं तो पुन्हा घट्ट धरला. ती वाट बघत होती. काहीही होत नव्हतं, आणि काहीही होत नाहीय हे तिला कळत होतं.

मग ठोका पडला आणि वाटीत टण् आवाज झाला. तो तिला सोडून आम्ही सगळ्यांनी ऐकला.

साहेबांनी वहीत लिहिलं आणि बाईंना म्हणाले, "हिला बोलायला शिकवा." बाकीच्या मुलांची तपासणी दुपारपर्यंत चालली. ती संपल्यावर मी कार्डाचा चौथा तुकडा पट्टीखाली सरकवून शेवटचा खिळा मारला आणि तो तुकडा ओढून काढायला लागलो. तो हाताला येईना. पोरीनं मला बाजूला सारलं, आपलं बारकं बोट आत घातलं, तुकडा ओढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यावर भावाच्या अक्षरात "कान लागत नाहीत" एवढंच उरलं होतं.

संध्याकाळी पोस्टातून नवीन कार्ड आणलं. भावाला काय लिहावं ते इतके दिवस सुचत नव्हतं, त्या दिवशी दोन ओळींत उरकलं. "शेळ्यांमागं दुसरं कुणीतरी बघा. पोरीला सवड नाही, तिची शाळा आहे."